दोन माणसांचे विमान

रविवारची वंदना आटोपली होती. पोरे खिरीच्या द्रोणांकडे धावली. तेवढ्यात अकरावीत शिकणारी एक मुलगी आमच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, पायलट व्हाले काय लागते?" तिचा बाप बाजार समितीत हमाल. आई लोकांच्या शेतात निंदणाला जाते. भोवतीची मंडळी हसली. खोटे कशाला सांगावे, आम्हीही हसलो. वर शहाणपण शिकवले, "बाई, आधी बँकेच्या परीक्षेचं पाह्य." पोरगी खाली मान घालून निघून गेली.

रात्री आमचे आम्हालाच वाईट वाटले. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे. दरवर्षी दीक्षाभूमीला जाताना एस.टी. वर्धा रोडने त्या विमानतळाजवळून जाते. नाव दिसले की आपण खिडकीतून जयभीम करतो. पण त्या विमानांत पुढच्या खुर्चीवर आपली किती पोरे बसतात, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. तो एका हमालाच्या पोरीला पडला आणि आम्ही हसलो! मग ठरवले, नीट चौकशी करायची.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की मोठे विमान कोणीही एकदम चालवत नाही. दोनशे प्रवासी नेणारा कॅप्टनसुद्धा कधी काळी दोन माणसांच्या विमानातच शिकलेला असतो. मोठे जेट तासाला दोन-तीन हजार लिटर इंधन पिते. शिकाऊ पोराच्या हाती ते कोण देईल? म्हणून ही लहान विमाने निघाली. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत वर्षानुवर्षे चालत आलेले सेसना 152 घ्या. ते 1977 ते 1985 या काळात बनले. इंजिन 110 अश्वशक्तीचे, म्हणजे शेतातल्या दोन-अडीच ट्रॅक्टरांएवढे. रिकामे वजन पाच क्विंटलच्या आसपास. कापूस मोजणाऱ्या घराला पाच क्विंटल म्हणजे किती ते सांगावे लागत नाही. जुन्या मारुती आठशेपेक्षाही ते हलके.

आम्ही पडलो बी.कॉम., हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. हे विमान तासाला साधारण 22-23 लिटर पेट्रोल घेते आणि तेवढ्यात दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर जाते. म्हणजे लिटरला सात-आठ किलोमीटर, एखाद्या भारी मोटारीइतके! पेट्रोल मात्र वेगळे, विमानाचे. ते पूर्वी बाहेरून आणावे लागे. 2022 पासून इंडियन ऑइल ते गुजरातेत बनवू लागले.

आपल्या देशानेही अशी विमाने घडवली. बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याचे 'पुष्पक' 1958 साली उडाले, ते मुख्यतः फ्लाइंग क्लबांसाठीच होते. पुढे तिथल्याच राष्ट्रीय प्रयोगशाळेने 'हंसा' तयार केले. ते 1993 साली पहिल्यांदा उडाले आणि 2000 साली त्याला सरकारी मान्यता मिळाली.

या लहान विमानाची गोडी कशात आहे? त्यात शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी-शेजारी बसतात. दोघांपुढेही सुकाणू असते. पोराने चुकीचे वळण घेतले की शिक्षक आपल्या सुकाणूने सावरतो. असे काही तास झाले, की एके दिवशी शिक्षक दार उघडून खाली उतरतो आणि म्हणतो, आता तू एकटा जाऊन ये. शेजारची खुर्ची रिकामी असते. उडवायचे आपण आणि उतरवायचेही आपणच. तिथे कोणी जात विचारत नाही, बापाचा धंदा विचारत नाही. वारा सगळ्यांना सारखा लागतो. तथागतांनी स्वतःवर विसंबायला सांगितले, त्याचा अर्थ त्या पोराला धावपट्टीवर उतरताना बरोबर कळत असेल.

सुरुवातीला हे काम पैसेवाल्यांचेच होते. जे.आर.डी. टाटांना 1929 साली परवाना मिळाला. 1936 साली सरला ठकराल या 21 वर्षांच्या बाईने साडी नेसून जिप्सी मॉथ हे लहान विमान उडवले, पण त्यांचे सासरच वैमानिकांचे होते. पुढे 1985 साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता ते सिल्चर असे विमान नेले. त्यात सगळ्या कर्मचारी बायकाच होत्या. म्हणजे बाई असल्याची अडचण केव्हाच मिटली. अडचण उरली ती पैशाची.

ती लहान नाही, हेही सांगितले पाहिजे. व्यावसायिक परवान्याला 200 तास उड्डाण लागते. तासाचे शुल्क दहा हजारांच्या वर जाते. सगळे मिळून तीस-चाळीस लाखांच्या पुढचा मामला होतो. परवाना मिळाल्यावर मोठ्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याचा खर्च निराळा. तेव्हा कोणी एजंट घरी येऊन "शेत विका, पोराला पायलट करतो" म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मग आपण काय करावे? बाबासाहेब 1913 साली अमेरिकेला गेले ते महिन्याला साडेअकरा पौंडांच्या बडोदा शिष्यवृत्तीवर. आपली वाटही शिष्यवृत्तीचीच आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात डॉक्टरी, इंजिनिअरिंगबरोबर वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रमही आहे, हे आमच्या किती शिक्षकांना माहीत आहे? उत्पन्नाची मर्यादा, मान्य संस्थांची यादी, मिळणारी रक्कम हे नियम बदलत असतात. म्हणून समाजकल्याण कार्यालयात जाऊन लेखी विचारा. तोंडी उत्तरावर घरी परतू नका.

दुसरी वाट एनसीसीच्या एअर विंगची. त्यात निवड झालेल्या कॅडेटला लहान मायक्रोलाइट विमानात शिक्षकाबरोबर बसायला मिळते, तेही खिशाला तोशीस न लागता. तेवढ्याने परवाना मिळत नाही, पण आपल्याला हे जमेल की नाही, ते कळते. नागपूरला 1947 साली स्थापन झालेला फ्लाइंग क्लब आहे. आणि आपल्या विभागाच्या ठिकाणी, अमरावतीजवळ बेलोऱ्याला, वर्षाला 180 वैमानिक घडवणारी शाळा काढण्याचे एअर इंडियाने 2024 साली जाहीर केले. दारव्ह्याहून अमरावती काही विलायत नाही.

चौकशी झाली तसे आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. तेव्हा कळले, की पोरगी गणित सोडायच्या बेतात होती. शिकवणीला पैसे नाहीत, आणि सगळ्यांचे म्हणणे, जीवशास्त्र घे, नर्सिंगला कामी येईल. आमच्या छातीत धस्स झाले. वैमानिकाच्या परवान्याला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागत आले आहे. आमच्या त्या हसण्याने पोरीचा रस्ता सुरू व्हायच्या आधीच बंद झाला असता. नर्सिंग वाईट नाही. पण दार आपल्या हाताने का लावून घ्यावे?

तिची आई म्हणाली, "भाऊ, आभायातून पडली तं?" आम्ही लपवले नाही. मार्च 2023 मध्ये गोंदियाजवळच्या बिरसीहून निघालेले शिकाऊ विमान बालाघाटच्या डोंगराळ भागात कोसळले. शिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. धोका आहे. पण इंजिन बंद पडले म्हणून विमान दगडासारखे खाली येत नाही. सेसनासारखे विमान हजार मीटर उंचीवरून आठ-नऊ किलोमीटर तरंगत जाते, तेवढ्यात मोकळी जागा शोधायची असते. तेच तर पोरांना पुन्हा पुन्हा शिकवतात. आई काही बोलली नाही. बाप मात्र म्हणाला, "गणिताची शिकवनी किती पैशाची हाय?"

शिकवणीचे आम्ही पाहून घेतले. वस्तीतले एक निवृत्त मास्तर रोज संध्याकाळी विहारात गणित घेणार आहेत. त्या पोरीसोबत आणखी सात मुले बसतात. ती पायलट होईल का, ते आम्ही सांगू शकत नाही. नजर, कान, तब्येत तपासावी लागेल. म्हणून एक पैसा भरण्याआधी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या यादीतल्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यायची, असे ठरले आहे. पायलट नाही झाली, तर विमान दुरुस्तीचे इंजिनिअरिंग आहे, हवाई वाहतूक नियंत्रण आहे. तिथेही हेच गणित लागते.

वाचकहो, तुमच्या घरातले लेकरू असे काही विचारील, तेव्हा हसू नका. एक रात्र थांबा, चौकशी करा, मग उत्तर द्या. आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा. फॉर्म निघाल्यावर तहसीलच्या रांगेत उभे राहण्यात आपली फार पोरे मागे पडली आहेत.

जयभीम!