हिरव्या तळ्याचे पाणी उकळून भागत नाही

पाणी उकळून प्या, हा सल्ला आम्ही या पानावर अनेकदा दिला. तो खराच आहे. गॅस्ट्रो, टायफॉइड, कावीळ त्याने टळते. पण एका पाण्याला तो लागू पडत नाही.

उन्हाळ्यात एखाद्या तळ्यावर पोपटी रंग सांडावा तसा थर येतो. आपण त्याला शेवाळ म्हणतो. काठी बुडवून पाहा. शेवाळाचे धागे काठीला लोंबतात. हा थर मात्र रंगासारखा माखतो. तसे असेल तर ते बहुधा नील-हरित जिवाणू, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. एरवी हे आपले उपकारकर्तेच. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरला तो यांच्या पूर्वजांनी, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. पण साचलेले कोमट पाणी, ऊन आणि गटारातून, खतातून आलेले नत्र-स्फुरद मिळाले की ते बेसुमार वाढतात. त्यांच्या काही जाती यकृत बिघडवणारे विष तयार करतात. उकळल्याने जिवाणू मरतो, पण पेशी फुटून विष पाण्यात उतरते आणि तिथेच राहते. फडक्याने गाळूनही ते जात नाही.

ऑस्ट्रेलियात पाम आयलंड नावाचे बेट आहे. क्वीन्सलँड सरकारने ठिकठिकाणच्या आदिवासींना बळजबरीने आणून तिथे ठेवले होते. १९७९ साली तिथल्या धरणात हिरवा थर आला, म्हणून पाण्यात मोरचूद टाकला गेला. काही दिवसांतच उलट्या, सुजलेले यकृत, रक्ताचे जुलाब सुरू झाले. १४८ जण आजारी पडले, त्यांत १३८ लहान मुले. औषध टाकल्याने पेशी फुटल्या आणि विष नळातून घरोघर गेले. हे पुढे संशोधनातून कळले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, तळे हिरवे झाले की वस्तीवाल्यांनाच घाणेरडे ठरवून वर ब्लिचिंग पावडर ओतण्याची पद्धत बंद व्हावी. तळ्यात स्फुरद येते ते साऱ्या शहराच्या सांडपाण्यातून, केवळ आपल्या मोरीतून नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो माणूस म्हणून बरोबरीचा हक्क होता. त्या हक्कात विषारी पाणी कसे बसेल? बुद्धविहारातल्या बैठकीत हा विषय घ्या आणि नगरपालिकेला लेखी विचारा: पाण्याची विषासाठी तपासणी झाली का? आधी जिवाणू गाळून मग क्लोरीन देता का? तोवर टँकर कुठे आहे?

तोपर्यंत त्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नका, गुरा-शेळ्यांना पाजू नका. घरच्या टाकीला घट्ट झाकण ठेवा. उजेड नसेल तिथे हे जिवाणू वाढत नाहीत. आणि पोरगं उलट्या करायला लागलं, तर दवाखान्यात तळ्याच्या पाण्याचा रंगही सांगा. डॉक्टर तो आपणहून विचारतीलच असे नाही.