निदान क्रियापदं तरी नीट लिहा राव!

कोडमध्ये कुणी 'रिसीव्ह'चं स्पेलिंग चुकवलं आणि मी ते रिव्ह्यूत दाखवलं, की उत्तर ठरलेलं. "अरे, कंपायलरला काय फरक पडतो? चालतंय ना?" चालतंय की! पण कोड माणसंही वाचतात, आणि त्यात शोधाशोध करतात ग्रेपने. 'सी'नंतर आधी 'ई' की आधी 'आय', हे निम्म्या फंक्शन्समध्ये एक आणि निम्म्यांत दुसरं असेल, तर ग्रेप निम्मीच दाखवणार. उरलेली रात्री अडीच वाजता प्रॉडक्शनवर सापडतात :)

मग म्हणे, "नंतर सुधारू". हे 'नंतर' कसं असतं ते बघा. युनिक्समधला 'क्रिएट' हा सिस्टिम कॉल शेवटचा 'ई' गाळून लिहिलाय. युनिक्स पुन्हा बनवायचं झालं तर काय बदलशील, असं केन थॉम्सनला एकदा विचारलं, तेव्हा त्याने तो 'ई' लिहीन असं सांगितलं. कर्निघन आणि पाइक यांच्या १९८४ च्या युनिक्सवरच्या पुस्तकात हा किस्सा आहे. खुद्द कर्त्याला खंत, तरी लिनक्समध्येही तो कॉल आजतागायत 'ई'विनाच! कारण हजारो प्रोग्रॅम त्याच नावाने त्याला हाक मारतात. २००९ साली जाहीर झालेल्या गो भाषेच्या कर्त्यांत थॉम्सनही आहे, आणि तिथे मात्र 'क्रिएट' पूर्ण लिहिलाय. म्हणजे एका 'ई'साठी नवी भाषा यावी लागली. एचटीटीपीच्या 'रेफरर' हेडरचं (हे नाम आहे, मान्य) तेच. १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये एक 'आर' कमी, तो अजून कमीच. पुढे आलेल्या 'रेफरर-पॉलिसी'त तो पूर्ण आहे. बसा आता दोन्ही लक्षात ठेवत.

"इंग्रजी काय आपली मातृभाषा आहे?" हा शेवटचा हुकमी एक्का. अहो, मग कीवर्ड कसे बिनचूक लिहिता? 'रिटर्न'चं स्पेलिंग चुकलेला एकतरी प्रोग्रॅम चालवून दाखवा. जिथे कंपायलर कान धरतो तिथे इंग्रजी येतं, फक्त सहकाऱ्यांसाठी येत नाही, असं कसं?

'प्रीपोन'ला माझी हरकत नाही. तो आपल्याकडे रुजलेला, कामाचा शब्द आहे आणि आता इंग्रजी शब्दकोशांतही मिळतो. पण 'रिप्लाय'च्या जागी 'रिव्हर्ट'? "काइंडली रिव्हर्ट ऑन धिस चेंज" अशी मेल आल्यावर नव्या पोराने काय करायचं? उत्तर द्यायचं, की गिट रिव्हर्ट मारून कालचं काम उलटवायचं? 'रिप्लाय' लिहायला काय जास्त पैसे पडतात?