सिकलसेलचा खुबा आणि आपले मौन

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलन मोहीम जाहीर केली. २०४७ पर्यंत हा आजार हद्दपार करायचा आहे म्हणे. रक्ततपासणी होते, कार्डे वाटली जातात. चांगलेच आहे. पण ज्याचा खुबा आज निकामी होतो आहे, त्याने तोवर कशाच्या आधाराने चालायचे?

पूर्व विदर्भातील आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांना हा आजार परका नाही. विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मांडीच्या हाडाच्या गोलाला रक्त मिळत नाही आणि हाड आतल्या आत मरते. ऐन तारुण्यात पोरगा लंगडू लागतो. दुखते जांघेत, कधी गुडघ्यात. मग गुडघाच तपासला जातो, वात म्हणून इंजेक्शन टोचले जाते. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही. एमआरआयचे पैसे मजुराने आणायचे कुठून? घरचेच म्हणतात, पोरगा कामचुकार आहे.

यावर खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया हा एकच मार्ग नाही. अमेरिकेतील एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सिकलसेलच्या रुग्णांत हाडाला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया अधिक व्यायामोपचार, आणि नुसते व्यायामोपचार, अशी तुलना त्यात होती. सुमारे तीन वर्षांनी खुबे टिकण्याचे प्रमाण पहिल्या गटात ८२ टक्के, दुसऱ्यात ८६ टक्के आढळले. अभ्यास लहान होता, आणि गोल पूर्ण खचल्यावर व्यायामाने तो पुन्हा उभा राहत नाही, हेही खरे. पण वेळीच भार कमी करणे, कुबडी वा काठी देणे, कुल्ल्याचे स्नायू बळकट करणे, सांधा आखडू न देणे, हे गरिबाला परवडणारे उपचार आहेत. काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध हातात धरायची असते. एवढी साधी गोष्टही आमच्या वस्त्यांत कुणी सांगितलेली नाही.

सांगायला माणूस हवा ना! व्यायामोपचार आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून मुंबईत हाजीअलीला उभी आहे. गडचिरोलीच्या रोवणीवाल्या बाईने तिथे कसे जायचे? ती दिवसभर गार चिखलात वाकून असते, आणि गारठा व कमी पाणी पिणे या दोन्ही गोष्टी सिकलसेलचा झटका आणतात. 'विश्रांती घ्या' असे तिला सांगणे म्हणजे चूल विझवा असे सांगणे आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामगाराच्या विम्याचा पाया तेव्हा घातला गेला. शेतमजुराच्या खुब्याला मात्र आजही कोणी वाली नाही.

आणखी एक फसगत पाहा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल आला, आपण पेढे वाटले. पण त्याच कायद्यातल्या ४ टक्के नोकरी आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत, चलनवलनाचे अपंगत्व आहे. म्हणून खुबा आखडलेल्या तरुणाने केवळ सिकलसेलचे प्रमाणपत्र घेऊन गप्प बसू नये. अस्थिरोगतज्ज्ञाकडून चलनवलनाच्या अपंगत्वाचीही तपासणी मागावी.

दोष सरकारचाच नाही. हा 'जातीचा रोग' म्हणून हिणवतील या भीतीने आपण तो झाकतो, मुलीचे लग्न मोडेल म्हणून काठीसुद्धा लपवतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपण रक्तदान आणि नेत्रतपासणीची शिबिरे भरवतो. त्याच मंडपात एक सतरंजी अंथरून, समाजातल्या फिजिओथेरपी शिकलेल्या मुलामुलींना बसवायला काय हरकत आहे?