टाकीवरचा माणूस जाणता हवा



लागणीच्या वेळी बेणे कुठल्या मळ्यातले, याची आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. तणनाशक मारायला नवखा गडी धाडत नाही. मग सगळे गाव ज्या टाकीचे पाणी पिते, तिच्यावर माणूस नेमताना काय पाहतो? बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी : तो कुणाच्या भावकीतला आणि किती कमी पगारात राहील. मोटर चालू करायची, व्हॉल्व्ह फिरवायचा, त्याला शिक्षण कशाला, असा समज आहे. आम्हांस तो घातक वाटतो.

ताज्या टी.सी.एल. पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो पावडर लागते. पण पोते दमट जागी उघडे राहिले की क्लोरीन उडून जातो. मग माप तेच, पण गुण नाही. म्हणून रोज नळावर ओ.टी. चाचणी करायची. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक हवा, असे भारतीय मानक सांगते. ज्याला त्रैराशिक येत नाही, चाचणीचा पिवळा रंग वाचता येत नाही, त्याने इमानाने पावडर टाकली तरी भरवसा कसा धरायचा?

नुसता कागदही पुरत नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात वॉकर्टन हे सुमारे ५ हजार वस्तीचे, शेतीवाडीने वेढलेले गाव आहे. मे २००० मध्ये मुसळधार पाऊस झाला आणि शेतात टाकलेल्या शेणखतातले जंतू गावच्या विहिरीत उतरले. ७ माणसे दगावली, २ हजारांवर आजारी पडली. शेतकऱ्याचा दोष नाही, असे चौकशीत ठरले. पाणीपुरवठ्यावरच्या माणसांकडे परवाने होते, पण जुन्या नोकरीच्या जोरावर, बिनपरीक्षेचे. क्लोरीन कमी सोडायचा आणि मोजल्याशिवाय वहीत आकडे भरायचे, ही त्यांची सवय गावाला भोवली. पुढे तिथे कायदा कडक झाला. आता बारावीपर्यंतचे शिक्षण, अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. परवानाही दर ३ वर्षांनी नवा करावा लागतो.

आमचे स्पष्ट मत असे, की ज्या गावी नदीचे पाणी उचलून तुरटी आणि वाळूच्या फिल्टरने शुद्ध करतात, तिथे दहावी गणित-विज्ञानासह झालेला आणि आयटीआयमध्ये रासायनिक प्लँट चालवायला शिकलेला मुलगा किंवा मुलगी नेमावी. साध्या विहीर-टाकीच्या योजनेवर निदान हिशेब येणारा, चाचणी करून दाखवणारा माणूस हवा. जुना माणूस असेल तर त्याला काढू नका, शिकवा. आणि शिकल्यावर पगारही तसा द्या. दोन-तीन हजारांत जबाबदारी विकत मिळत नाही.

येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा : आपल्या टाकीवरचा माणूस काय शिकला आहे? आणि चाचणीची वही कोण तपासतो? माती-परीक्षणाचा कागद मागणाऱ्या सभासदाला हे विचारणे जड जाऊ नये.

— ऊस विकास अधिकारी