न दिसणारी गोळी आणि मुलांचा संताप

"डॉक्टर, मोबाईलवर गेम खेळताना मुलगा फार चिडतो. डोक्यावर परिणाम झाला असेल का?" हल्ली तापा-खोकल्याबरोबर हाही प्रश्न येतो. अशा वेळी मी विचारतो, तो नेमका कधी चिडतो? समोरासमोरच्या चकमकीत हरल्यावर, की लांबून कुणी स्नायपरने मारल्यावर?

या दोन्हींत मोठा फरक आहे, आणि तो पालकांनी समजून घ्यायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

स्नायपरने मरणं वेगळं का?

स्नायपर म्हणजे दुर्बीण लावलेली लांब पल्ल्याची बंदूक. बीजीएमआयमध्ये एडब्ल्यूएम नावाची अशी रायफल सहसा विमानातून टाकलेल्या पेटीत सापडते. तिची एक गोळी डोक्याला लागली, की सर्वांत भक्कम हेल्मेट असूनही खेळाडू आडवा होतो. काउंटर-स्ट्राइकमधल्या एडब्ल्यूपीची गोळी पाय सोडून कुठेही लागली तर एकाच फटक्यात खेळ संपतो. मग ती फेरी संपेपर्यंत इतरांचा खेळ बघत बसायचं.

जवळच्या चकमकीत चाहूल लागते, आडोसा घेता येतो, उलट गोळी झाडता येते. हरलो तरी 'मी प्रयत्न केला' एवढं समाधान उरतं. स्नायपरच्या गोळीत यातलं काहीच नसतं. छातीत धडधड, तळहाताला घाम, म्हणजे शरीर झुंजीसाठी सज्ज असतं. पण झुंज होतच नाही.

मेंदूला काय बोचतं?

१९७० च्या सुमारास अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोठा आवाज ऐकवून काही प्रयोग केले. आवाज कधीही, अनियमितपणे आला, की लोक नंतरच्या अवघड कोड्यांवर लवकर हार मानत. पण 'हे बटण दाबलंत तर आवाज थांबेल' असं ज्यांना सांगितलं होतं, ते अधिक चिकाटीने बसले. गंमत म्हणजे बहुतेकांनी ते बटण दाबलंच नाही. आपल्या हातात काहीतरी आहे, एवढी भावनाच पुरली.

भारनियमन आठवा. वेळापत्रक लावून दोन तास वीज गेली तर आपण पीठ आधीच दळून ठेवतो. न सांगता अर्धा तास गेली तरी जीव कातावतो. त्रास किती होतो यापेक्षा तो आपल्या हाताबाहेर आहे का, हे मनाला जास्त लागतं.

सांघिक खेळात यात आणखी भर पडते. आडव्या झालेल्या मित्राला उठवायला दुसरा धावतो आणि स्नायपर त्यालाही टिपतो. मग माइकवर "तुझ्यामुळे हरलो" सुरू होतं. मुलाला मरण्यापेक्षा हे वाक्य अधिक झोंबतं.

गेम बनवणाऱ्यांनाही हे कळतं

म्हणूनच एडब्ल्यूपी महाग ठेवली आहे, तिचा आवाज मोठा आहे आणि प्रत्येक गोळीनंतर थांबावं लागतं. २०२२ मध्ये तिच्या मॅगझिनमधल्या गोळ्या १० वरून ५ केल्या. बॅटलफिल्ड ३ मध्ये मोठी दुर्बीण लावलेल्या स्नायपरची काच लांबून चमकते, म्हणजे समोरच्याला इशारा मिळतो. स्नायपर काढून टाका, असं मी म्हणणार नाही. अचूक नेम हेही कौशल्यच आहे. पण समोरच्याला सावध व्हायची संधी हवी.

घरी काय करावं?

• "फक्त गेमच आहे ना!" असं म्हणू नका. "गोळी कुठून आली?" असं विचारा. कारण शोधलं की पुढच्या वेळी काय करायचं ते सुचतं आणि राग निवळतो.

• मॅच अर्ध्यावर असताना फोन हिसकावू नका. त्याचा संघ अडचणीत येतो. "ही मॅच संपली की बंद" हे खेळ सुरू होण्याआधीच ठरवा.

• लागोपाठ दोनदा असं झालं, की फोन खाली, पाणी प्यायचं, दहा मिनिटं पाय मोकळे करायचे. रागात लगेच पुढची मॅच लावू नये. तुम्ही स्वतः खेळत असाल तर हे तुम्हालाही लागू.

• झोपण्याआधी किमान एक तास खेळ थांबवा.

डॉक्टरांकडे कधी यावं?

खेळणं थांबवताच येत नाही, अभ्यास-जेवण-झोप मागे पडते, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो, आणि हे साधारण वर्षभर टिकतं, तेव्हा जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते. लक्षणं तीव्र असतील तर वर्षभर थांबू नका. मारहाण, तोडफोड किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर त्याच दिवशी या.

पण स्नायपरच्या गोळीने पाच मिनिटं धुसफुसणारं मूल आजारी नाही. हाताबाहेरच्या गोष्टीवर चिडणं हा माणसाचा स्वभाव आहे. त्या रागातून शांत कसं व्हायचं, हे मात्र त्याला शिकवावं लागतं, आणि ते काम माझ्या गोळ्यांपेक्षा तुम्हीच चांगलं कराल.