गाडीतला हिशोब मुलांकडे द्या

पालकहो आणि शिक्षक मित्रांनो, "इलेक्ट्रिक गाडी शहरात ठीक, पण लांब जायचं म्हणजे नको रे बाबा!" हे तुम्हीही ऐकलं असेल. माझं मत उलटं आहे. जरूर जा. फक्त हिशोब मोबाईलवर न सोडता मागच्या सीटवरच्या मुलांकडे द्या.

दिवाळीत आम्ही पुण्याहून कोल्हापूर-आंबोली मार्गे सावंतवाडीला गेलो. मुलगी नववीत. 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा तिचा तोंडपाठ. पण किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिटच, हे तिला गाडीत बसल्यावर कळलं. आमची बॅटरी 40 युनिटची. हायवेवर एका युनिटात साधारण साडेसहा किलोमीटर. जाहिरातीतला आकडा बराच मोठा असतो, तो विसरायचा.

कराडला पोहोचलो तेव्हा 38 टक्के उरले होते आणि ठरवलेला चार्जर बंद! माझा चेहरा उतरला. तिने वही काढली. शिल्लक 15 युनिट, कोल्हापूर 70 किलोमीटर, म्हणजे 11 युनिट जाणार. "पोहोचू, पण बाबा, 100 ने नको, 80 नेच चला." हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, 80 वरून 100 वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. 12 टक्क्यांवर कोल्हापुरात टेकलो. जवळचा दुसरा चार्जर आधीच हेरून ठेवायला हवा होता, ही चूक माझी.

खरी मजा आंबोली घाटात. उतारावर मोटरच जनित्र होते, त्यामुळे टक्के घटण्याऐवजी वाढत होते. परतीच्या चढाला तिने गणित मांडलं: माणसांसह गाडी 1700 किलो, उंची सुमारे 600 मीटर. उत्तर साधारण एक कोटी जूल. 36 लाख जूलचं एक युनिट, म्हणजे पावणेतीन युनिट! ही नुसती उंचीची किंमत, रस्ता कापायची वेगळी. "मग उतरताना तेवढी परत का नाही मिळाली?" या प्रश्नावर गाडीत जी चर्चा झाली, ती माझ्या वर्गात वीस वर्षांत झालेली नाही.

चार्जिंगला तासभर मोडतो, ही तक्रार खरी आहे. 80 टक्क्यांनंतर तर चार्जिंग फारच मंदावतं, तेव्हा तिथेच उठावं. आजी-आजोबा बरोबर असतील तर तो तास त्यांच्या पायांना हवाच असतो. तान्हं बाळ घेऊन रात्री निघणार असाल, तर मात्र माझा आग्रह नाही.