फाटक कुठे असावे? दुबईतील थीम पार्कांचा अनुभव आणि यास बेटावरचे डिस्ने

७ मे २०२५ रोजी डिस्ने आणि अबू धाबीतील 'मिराल' या कंपन्यांनी यास बेटावर थीम पार्क उभारण्याची घोषणा केली. डिस्नेचे हे जगातील सातवे संकुल असेल. बांधकाम, खर्च आणि संचालन मिरालकडे राहील. कल्पना, आराखड्यावरील देखरेख आणि स्वामित्वधन डिस्नेकडे. घोषणेनंतर चर्चा रंगली ती किल्ला कसा दिसेल आणि उकाड्यावर उपाय काय होईल याची. अमिरातीतील याआधीचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयोग ज्या प्रश्नावर अडखळला, तो मात्र फारसा कोणी विचारला नाही. फाटक कुठे असणार आणि त्यातून आत जाणाऱ्याकडून नेमके कशाचे पैसे घेतले जाणार?

तो प्रयोग म्हणजे दुबई पार्क्स अँड रिसॉर्ट्स. जबल अली परिसरात, दुबई आणि अबू धाबी यांना जोडणाऱ्या शेख झायेद मार्गालगत, २०१६ च्या अखेरीपासून हे संकुल टप्प्याटप्प्याने खुले झाले. हॉलिवूडच्या स्टुडिओंवर आधारलेले मोशनगेट, लहानग्यांसाठी लेगोलँड, त्याचेच जलउद्यान आणि आपल्या दृष्टीने सर्वांत कुतूहलाचे बॉलिवूड पार्क्स अशी चार स्वतंत्र उद्याने त्यात होती. त्यांच्या मधोमध रिव्हरलँड हा उपाहारगृहे आणि दुकानांचा पट्टा होता. तो उघडला तेव्हा तिथे तिकीट नव्हते. उद्यानांना मात्र प्रत्येकी वेगळे फाटक आणि वेगळे तिकीट. सुरुवातीचे जाहीर दर २४० ते ३३० दिरहमांच्या दरम्यान होते, त्यात बॉलिवूड पार्क्सचा दर २८५. म्हणजे आईवडील, शाळकरी मुलगा आणि सांगलीहून महिनाभरासाठी आलेली आजी असे चौघे गेले, की पाण्याच्या बाटलीआधीच ११४० दिरहम खर्च.

२०१७ या पहिल्या पूर्ण वर्षासाठी ६७ लाख भेटींचे लक्ष्य होते. प्रत्यक्षात झाल्या २३ लाखांच्या आसपास, आणि त्या वर्षीचा तोटा एक अब्ज दिरहमांच्या वर गेला. शेजारीच येऊ घातलेले सिक्स फ्लॅग्स २०१९ मध्ये रद्द झाले. पुढे करोनाच्या काळात कर्जाने वाकलेली कंपनी 'मेरास' समूहाने ताब्यात घेतली. बॉलिवूड पार्क्स एप्रिल २०२३ मध्ये कायमचे बंद झाले आणि त्याच जागेवर वर्षभराने 'रिआल माद्रिद वर्ल्ड' उभे राहिले. 'बॉम्बे एक्सप्रेस' या नावाने तयार झालेला लाकडी रोलर कोस्टर आज 'हाला माद्रिद' म्हणून धावतो. मुंबईकरांना यात थोडी गंमत आणि थोडी खंत दोन्ही वाटेल.

बॉलिवूड पार्क्सच्या अपयशाची स्पष्टीकरणे ठरावीक आहेत. हिंदी चित्रपटांवर उद्यान चालत नाही, जागा गावाबाहेर होती, मेट्रो तिथवर जात नाही, उन्हाळा असह्य असतो. यांतले एकही कारण अगदी खोटे नाही. पण त्याच दुबईत, तितक्याच ओसाड भागात, मेट्रोच्या सोयीविना ग्लोबल व्हिलेज दरवर्षी भरते. १९९६ साली खाडीकाठी काही टपऱ्यांनिशी सुरू झालेल्या या मेळ्याला २०२४-२५ च्या हंगामात एक कोटी पाच लाख भेटी लाभल्या. त्या हंगामात प्रवेश २५ ते ३० दिरहम होता, तीन वर्षांखालील मुलांना आणि पासष्टीपुढील ज्येष्ठांना विनामूल्य. आत गेल्यावर पाळण्यांचे पैसे वेगळे, खाण्याचे वेगळे. ज्याला नुसते फिरायचे आहे, त्याने भारताच्या दालनात पापड-लोणची चाळावीत, येमेनी मध चाखावा आणि परतावे. फाटके दुपारी उशिरा उघडतात, गर्दी रात्री असते आणि उन्हाळ्यात मेळा चक्क बंद असतो. हवामानाशी झुंजण्याऐवजी आयोजकांनी त्याच्याशी तह केला आहे.

आपल्याला ही रचना ओळखीची आहे, कारण ती जत्रेची रचना आहे. जत्रेत शिरायला कोणी अडवत नाही. पाळण्यात बसणारा पाळण्याचे पैसे देतो, मौत का कुआँ पाहणारा त्याचे, आणि आजी देवदर्शन उरकून नातवाच्या हातात बत्तासे ठेवते. तिने कशाचेच तिकीट काढलेले नसते. पण तिच्यामुळेच घरातली सात माणसे जत्रेला आलेली असतात. थीम पार्कचे फाटक हा हिशेब मानत नाही. तिथे उडणाऱ्या खुर्चीत बसणारा तरुण आणि गुडघेदुखीमुळे बाकावर बसून राहणारी त्याची आजी यांची किंमत जवळपास सारखीच. परिणामी आजी घरी राहते, तिच्या सोबतीला सून थांबते, आणि सहलीचा बेतच कधी कधी मोडतो. दक्षिण आशियाई कुटुंब तीन पिढ्यांनी मिळून बाहेर पडते, हे जाणणाऱ्यांनीच बॉलिवूड पार्क्सची कल्पना मांडली होती. 'मुंबई चौक' नावाचा भाग आणि साडेआठशे आसनांचे राजमहाल नाट्यगृह तिथे होते. नृत्य, नाट्य आणि रस्त्यावरचे कार्यक्रम हाच त्या उद्यानाचा प्राण. म्हणजे आत जे होते ते बरेचसे मेळ्यासारखे, आणि त्याला कुंपण मात्र रोलर कोस्टरच्या उद्यानाचे. माझ्या मते चूक विषयात कमी आणि या विसंगतीत अधिक होती.

येथे एक आक्षेप रास्त आहे. ग्लोबल व्हिलेजच्या एक कोटी पाच लाख भेटींना २५ दिरहमांनी गुणले, तरी सव्वीस कोटींच्या आसपास रक्कम होते, आणि विनामूल्य प्रवेश वजा केले तर त्याहून कमी. दहा अब्जांहून अधिक दिरहम ओतून बांधलेल्या, वर्षभर वातानुकूलन आणि देखभाल मागणाऱ्या संकुलाचे कर्ज अशा तिकिटावर फिटणार नाही. महाराष्ट्रातही याचा पडताळा आहे. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली मोठ्या गाजावाजाने सुरू झाले, मुंबई-पुण्याची बाजारपेठ हाताशी असूनही कर्जाखाली दबले आणि २०२२ मध्ये मालपाणी समूहाकडे गेले. तेव्हा डिस्नेने फाटकच काढून टाकावे, असे कोणी म्हणू नये.

पण फाटक आणि पाळणा यांच्यात किमतीची वाटणी कशी करायची, हा निर्णय एकदाच होऊन संपत नाही. खुद्द डिस्नेचाच इतिहास पाहा. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, तेव्हा प्रवेशाचे पैसे किरकोळ होते आणि प्रत्येक राइडचे वेगळे. लवकरच कूपनांची पुस्तके आली. १९५९ पासून सर्वांत थरारक राइडसाठी 'ई' तिकीट लागू लागले. हे सगळे १९८२ मध्ये मोडीत निघाले आणि एकदाच पैसे भरा, दिवसभर हवे ते करा, ही पद्धत आली. कुटुंबाला दर वळणावर पाकीट काढावे लागत नाही, हा तिचा खरा फायदा. मात्र २०२१ पासून अमेरिकेतील उद्यानांत जलद रांगेसाठी पुन्हा वेगळे पैसे घेतले जाऊ लागले. म्हणजे फाटकावर पूर्ण किंमत आणि आत पुन्हा राइडची किंमत. दोन्ही पद्धतींतले ग्राहकाला जाचक तेवढे एकत्र आले. हीच पद्धत जशीच्या तशी यास बेटावर उतरली, तर ती चार तासांच्या विमानप्रवासावरून येणाऱ्या पाहुण्यांना कदाचित झेपेल. मुसाफा किंवा करामा येथील मध्यमवर्गीय कुटुंबाला ती वर्षातून एकदाच, पाहुणे आले असताना परवडेल. आणि ही उद्याने ज्यांनी बांधली त्या कामगारांना कधीच नाही.

यास बेटाकडे दुबईपेक्षा एक जमेची बाजू आधीच आहे. २०१० मध्ये उघडलेले फेरारी वर्ल्ड आणि २०१८ चे वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड ही दोन्ही उद्याने छताखाली आहेत. फेरारी वर्ल्डला यास मॉल आतून जोडलेला आहे. त्यामुळे मुले-सुना आत, आजी-आजोबा मॉलमध्ये चहा घेत, अशी विभागणी कुटुंबे आपसूक करतात. ती आराखडा करणाऱ्यांच्या मनात होती की योगायोगाने घडली, हे सांगता येणार नाही. पण ती चालते. दुबईत रिव्हरलँडकडून हेच अपेक्षित होते. तिथे मात्र बसणाऱ्यासाठी पुरेसे काही नव्हते: उद्यानांतली गाणी, नाच, सारे तिकिटाच्या पलीकडे.

डिस्नेचे संकुल समुद्रालगत असेल, असे सांगण्यात आले आहे. त्या किनाऱ्याचा काही भाग छायेचा, ग्लोबल व्हिलेजच्या दरातला आणि किल्ला व सायंकाळची मिरवणूक दिसेल असा ठेवला, तर राइडची उद्याने त्याच्या आत आपापली किंमत घेऊ शकतील. तिथे दिलेले प्रवेशमूल्य पुढच्या तिकिटातून वजा करता येईल. राइडमध्ये न बसणाऱ्यासाठी सोबतीचे स्वस्त तिकीट आणि सायंकाळी पाचनंतरचे वेगळे तिकीट या गोष्टींना तंत्राची काही अडचण नाही. मनगटातल्या पट्ट्या आणि मोबाइलमधले पास ते आजच करू शकतात. अडचण एवढीच, की असे फाटक नंतर बसवता येत नाही. रस्ता, सावली, वाहनतळ आणि तिकीटखिडक्या कुठे, हे पाया खणण्याआधीच ठरावे लागते. जबल अलीत चार उद्यानांची चार तोंडे एकदा बांधून झाल्यावर नंतरच्या व्यवस्थापनाच्या हाती सवलती आणि जोडतिकिटे याखेरीज फारसे काही उरले नव्हते.